घाटवाटा, गड आणि पाण्याची टाकी
(शहापूर-मुरबाडच्या ऐतिहासिक स्थळांचे दर्शन)

आपल्या कुणबी ज्ञातीतील कुटुंबे अलीकडे सुट्टीच्या दिवसांत दूरदूरच्या प्रवासास जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. आपल्या वडीलधाऱ्या पिढीचा प्रवास म्हणजे पंढरीची वारी, आळंदी किंवा फार तर त्र्यंबकेश्वर. आज आपली मुलेबाळे जयपूरचे राजवाडे, आग्र्याचा किल्ला आणि हंपीचे भग्नावशेष पाहून येतात व तेथील छायाचित्रे आप्तेष्टांस दाखवितात. देश पाहिल्याने दृष्टी विशाल होते, याविषयी आमचे दुमत नाही. तथापि हंपी पाहून आलेल्या आपल्याच एखाद्या मुलास "माहुलीवर काय आहे रे?" असे विचारले, तर तो "तिथे काय, नुसता डोंगर" असे उत्तर देतो, तेव्हा मनास खेद झाल्यावाचून राहत नाही. प्रस्तुत लेख त्या उत्तरासाठी लिहिला आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातील आणि बारावी तमिळनाडूतील जिंजी. ही वार्ता ऐकून प्रत्येक मराठी माणसास अभिमान वाटला. त्याचबरोबर आपल्या काही तरुणांनी आम्हांस असेही विचारले की, या यादीत आपल्या दोन तालुक्यांतील एकही गड का नाही? आपला भाग इतिहासात इतका नगण्य होता काय?

आमचे उत्तर असे की, यादीत नाव नसणे म्हणजे इतिहासात स्थान नसणे नव्हे. मात्र आपला भाग कशासाठी प्रसिद्ध होता हे प्रथम समजून घेतले पाहिजे. येथे कोणा राजाची राजधानी नव्हती, सोन्याचे सिंहासन नव्हते. शहापूर आणि मुरबाड हे समुद्र आणि देश यांच्यामधील उंबरठा आहेत. पश्चिमेस कल्याण, भिवंडी व सोपारा ही जुनी व्यापारी ठाणी. पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि तिच्यापलीकडे जुन्नर, नाशिक व पैठण. या दोहोंमधील वाट आपल्या शिवारांतून जाते. म्हणून आपल्याकडील प्रत्येक ऐतिहासिक स्थळ एक तर वाटेसाठी, नाही तर वाटसरूच्या पाण्यासाठी निर्माण झाले आहे. हे सूत्र हाती धरून डोंगर चढला, म्हणजे पडक्या भिंतीही बोलू लागतात.

नाणेघाट

या वाटांपैकी सर्वांत प्राचीन म्हणून कीर्ती पावलेली वाट नाणेघाटाची. घाटाचा माथा जुन्नर तालुक्यात आहे, परंतु त्याचा पायथा आपल्या मुरबाड तालुक्यात. कल्याणहून मुरबाड, टोकावडे असे करीत माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गावी यावे आणि तेथून पायी चढू लागावे. प्रथम रान, मग दगडी पायऱ्या, आणि शेवटी दोन कड्यांमधील अरुंद खिंड. वर डाव्या हातास जो उभा सुळका दिसतो, त्यास लोक नानाचा अंगठा म्हणतात. खिंडीच्या मुखाशी कोरलेले दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेऊन ती नाणी या रांजणात टाकीत, अशी लोकसमजूत आहे आणि घाटाच्या नावाचाही तोच अर्थ लावतात.

खिंडीच्या तोंडाशीच ती सुप्रसिद्ध गुहा आहे. १८२८ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिची माहिती विद्वानांच्या नजरेस आणली आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील लेखाचे परिश्रमपूर्वक वाचन केले. गुहेच्या भिंतींवर प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत कोरलेला हा लेख सातवाहन राणी नागनिका हिच्याशी निगडित असून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांस वंदन केले आहे. त्यानंतर राजघराण्याने केलेले अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब येतो. गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी यांच्या संख्या तेथे अंकांत लिहिल्या आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासातील अत्यंत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. ज्या अंकांनी आपली मुले शाळेत बेरजा-वजाबाक्या करतात, त्यांचे पूर्वज आपल्याच डोंगराच्या कपारीत बसले आहेत, ही गोष्ट प्रत्येक आईबापाने मुलास तेथे उभे करून सांगावी.

मागच्या भिंतीवर एके काळी राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्या मूर्ती नाहीत. पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. राजाने आपल्या कुळाच्या प्रतिमा राजवाड्यात न ठेवता घाटाच्या तोंडाशी का ठेवल्या, याचा विचार करावा. कारण राज्यातील व्यापारी, बैलांचे तांडे व परदेशाहून बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जात होता. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण, पैठण व तगर (आजचे तेर) यांची नावे येतात. राजाची ओळख जगास करून द्यावयाची तर नाणेघाटासारखे दुसरे ठिकाण नव्हते.

परंतु नाणेघाटात आम्हांस सर्वांत प्रिय असलेला लेख राणीचा नव्हे. तेथील पाण्याच्या टाक्यांपैकी एकावर लहानसा लेख आहे. त्याचा भावार्थ एवढाच की, हे टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिले. गोविंददास राजा नव्हता, सरदार नव्हता. सोपाऱ्यापासून घाट चढताना तहान काय असते हे जाणणारा तो माणूस असावा. त्याने खडकात टाके कोरविले आणि दोन हजार वर्षे होत आली तरी त्याचे नाव उरले. राजघराण्याच्या मूर्ती गेल्या, गोविंददासाचे टाके राहिले.

गोरखगड, मच्छिंद्रगड आणि आजोबाचा डोंगर

मुरबाडहून म्हसा गावावरून देहरी गावाकडे निघाले की दोन सुळके जोडीने दिसू लागतात. थोरला गोरखगड आणि धाकटा मच्छिंद्रगड. नावांवरूनच नाथपंथाची आठवण होते. गोरक्षनाथांनी येथे साधना केली अशी श्रद्धा आहे. वरची वाट खडकात कोरलेल्या पायऱ्यांची असून काही ठिकाणी हातांनीही आधार घ्यावा लागतो. मध्यावर प्रशस्त गुहा आहे. तिच्यासमोर चाफ्याची झाडे व खोल दरी, आणि आसपास खडकात खोदलेली टाकी. माथ्यावर महादेवाचे लहान मंदिर.

येथे राजवाडा किंवा मोठा तट शोधणाऱ्याची निराशा होईल. हे स्थान टेहळणीचे आणि विसाव्याचे. गुहेत बसून पाहिले म्हणजे खालची घाटवाट, गावे व शेते तळहातावर असल्यासारखी दिसतात. थोडी माणसे, भरपूर पाणी आणि लांबवर नजर, एवढे असले की अशा ठाण्याचे काम भागत असे.

पायथ्याजवळचे म्हसा गाव आपणा सर्वांच्या परिचयाचे. पौष पौर्णिमेस भरणारी म्हसोबाची यात्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी तेथून बैल आणले, घोंगड्या आणल्या. घाटावरचा माल आणि घाटाखालचे गिऱ्हाईक यांची गाठ घालून देणारी ही यात्रा म्हणजे जुन्या व्यापारी वाटेचीच आठवण होय, असे आम्हांस वाटते. जो यात्रेस जातो त्याने एक दिवस अधिक काढून गोरखगडही पाहावा.

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे गेले म्हणजे आजोबाचा डोंगर उभा राहतो. वाल्मीकी ऋषींचा आश्रम येथे होता, सीतामाई येथे राहिली आणि लव-कुश वाल्मीकींस आजोबा म्हणत म्हणून डोंगरास हे नाव पडले, अशी कथा आहे. ही श्रद्धेची गोष्ट. तिला शिलालेखाच्या मापाने मोजू नये. परंतु एका अवाढव्य कड्यास राजाचे अथवा देवाचे नाव न देता आजोबा म्हणावे, यात आपल्या लोकांचा स्वभाव दिसतो.

माहुली

आता शहापूरच्या माहुलीकडे वळू. आसनगाव स्थानकावर उतरताच वायव्येस जी सुळक्यांची रांग दिसते, तीच माहुली. पायथ्याच्या माहुली गावापासून माथा गाठावयास सुमारे तीन तास लागतात. शेवटच्या कातळटप्प्यास लोखंडी शिडी लावलेली आहे. गडाची उंची सुमारे २,८०० फूट. उत्तरेस पळसगड, मध्ये माहुली आणि दक्षिणेस भंडारगड अशी ही तीन गडांची जुळणी आहे. वर पडका महादरवाजा, त्यालगतच्या पहारेकऱ्यांच्या देवड्या, पाण्याचे तलाव व टाकी आणि कारवीचे दाट रान. वजीर, नवरा, नवरी ही सुळक्यांची नावे तर आपल्या प्रत्येक घरी ठाऊक आहेत.

याच माहुलीच्या कड्यांवर १६३६ मध्ये एका राज्याचा शेवट झाला. दौलताबाद मोगलांच्या हाती गेल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका बालकास गादीवर बसवून ते राज्य पुनः उभे करण्याचा प्रयत्न केला. पुढे शाहजहान बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला, आदिलशहाने त्याच्याशी तह केला आणि दोन्ही फौजा शहाजीराजांच्या पाठीस लागल्या. एकेक ठाणे सोडीत राजे माहुलीवर आले. मोगलांचा खानजमान व आदिलशाही सरदार रणदुल्लाखान यांनी वेढा घातला. अखेर शहाजीराजांस तह करावा लागला, बाल निजाम मोगलांच्या स्वाधीन झाला आणि निजामशाही संपली. त्या समयी जिजामाता व बाल शिवबा गडावर होते असे परंपरा सांगते. हे खरे असेल तर सहा वर्षांच्या त्या बालकाने मोठ्या फौजेचा वेढा प्रथम येथेच पाहिला असला पाहिजे.

तोच बालक मोठा होऊन १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतो आणि लगोलग १६५८ च्या जानेवारीत माहुलीही. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्या यादीत माहुली, पळसगड व भंडारगड अशी तीन नावे निरनिराळी आली आहेत. तेवीसांतील तीन आपल्या एकाच डोंगरावरचे! मिर्झाराजा जयसिंगासारख्या मुरब्बी सेनापतीस या डोंगराचे मोल किती वाटले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

१६७० च्या आरंभी कोंडाणा परत मिळाला, तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्याच सुमारास माहुलीवर झालेला हल्ला फसला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड हा शूर व सावध होता. रात्रीच्या अंधारात कडा चढून गेलेल्या मराठ्यांस त्याने पिटाळून लावले आणि आपले पुष्कळ लोक कामास आले. तथापि जून १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी गड जिंकलाच. कोंडाण्यावर पडलेल्या वीराचे नाव मुलाबाळांच्या तोंडी आहे. माहुलीच्या कड्यावर त्या रात्री पडलेल्या शिपायांची नावे आपण घेऊ शकत नाही. माहुलीवर जाणाऱ्याने महादरवाज्यापाशी क्षणभर थांबून त्यांस नमस्कार करावा, इतके तरी आपल्या हाती आहे.

सिद्धगड

गडांचा इतिहास शिवकाळाबरोबर संपला असे कोणी समजू नये. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाने आपल्या आजोबांच्या काळातही इतिहास पाहिला. १९४२ च्या चले जाव आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून या दस्त्याने सरकारला हैराण केले. पोलिसांनी माग काढला आणि २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात गोळीबार झाला. त्यात भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांस वीरमरण आले. दरवर्षी तेथे हुतात्म्यांस मानवंदना देण्यात येते.

भाई कोतवाल नाभिक समाजात जन्मले, आणि त्यांच्या हाकेस गावोगावचे निरनिराळ्या ज्ञातींचे शेतकरी धावले. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. ज्ञातिसंस्था शिक्षणास, विवाहास व अडीअडचणीस साहाय्य करण्यासाठी असते. इतिहासाची वाटणी करण्यासाठी नसते.

आपले पूर्वज कोठे होते?

आता एक नाजूक प्रश्न. आपल्या काही घरांतून असे सांगण्यात येते की, आमचा मूळ पुरुष अमुक गडाचा किल्लेदार होता, अमुक राजाने आम्हांस वतन दिले. ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनी ते जपावेत व जाणकारांकडून वाचून घ्यावेत. त्याहून मोठी सेवा नाही. परंतु कागद नसता केवळ ऐकीव गोष्टीवर मोठेपणा सांगू नये. ज्याचा पुरावा नाही तो अभिमान पुढील पिढीच्या पहिल्याच प्रश्नास कोसळतो.

आणि अशा मोठेपणाची आपणांस गरज तरी काय? गडावरची शिबंदी नाचणी, वरई आणि भात खात होती. ते धान्य आकाशातून पडत नव्हते. पायथ्याच्या शिवारात राब भाजून, चिखल करून, आवणी करून ते कोणी तरी पिकविले. घाटाची वाट पावसाळ्यात ढासळे, ती कोणी तरी पुनः रचली. टाक्यातला गाळ कोणी तरी उपसला. त्या कोणाची नावे कोरलेली नाहीत. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांचे, तसेच आपल्या शेजारच्या ठाकूर, महादेव कोळी व कातकरी बांधवांचे पूर्वज त्यांत होते असे मानण्यास शिलालेख लागत नाही. त्याच शिवारात आपण आजही नांगर धरतो, हा पुरेसा आधार आहे.

बदललेल्या वाटा

इंग्रजी अमदानीत वाटांचे महत्त्व बदलले. १८६१ मध्ये आगगाडी कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस पोचली. बैलांच्या पाठीवरून चालणारा व्यापार रुळांवर गेला आणि नाणेघाट शांत झाला. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा भाग जून २०२५ मध्ये खुला झाला. सुमारे आठ किलोमीटरांच्या बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत सह्याद्रीच्या पोटातून निघतात. नागपूरचा माणूस आज शहापूरच्या शिवारातून जातो, परंतु माहुलीकडे मान वळवून पाहण्यास त्यास सवड नाही.

पाण्याचीही तीच कथा. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले, पुढे भातसा झाले. माहुलीच्या पायथ्याशी साठलेले पाणी मुंबईच्या घराघरांत जाते, आणि आपल्या कित्येक पाड्यांतील भगिनी वैशाखात टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. अशा तालुक्यात खडकात कोरलेले, भर उन्हाळ्यातही पाणी राखणारे जुने टाके ही केवळ पाहण्याची वस्तू नव्हे. पावसाचे पाणी जेथे पडते तेथेच धरून ठेवण्याचा तो वस्तुपाठ आहे.

दुःखाची गोष्ट ही की, आज याच टाक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसतात आणि गुहांच्या भिंतींवर तैलरंगाने नावे रंगविलेली आढळतात. गोविंददासानेही दगडावर नाव ठेवले, परंतु त्याआधी तहानलेल्यास पाणी दिले. पाणी न देता नुसते नाव लिहिणारे आपल्या ज्ञातीतील तरी कोणी नसावे.

विनंती

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक दिवस आपल्या तालुक्यातील एका स्थळासाठी राखावा. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. भर पावसाळ्यात कातळ निसरडे असतात, तेव्हा लहान मुलांस नेण्याचे साहस करू नये. बरोबर गावचा माहीतगार माणूस घ्यावा व त्याचा योग्य मोबदला द्यावा. डोंगराच्या वाटा, पाण्याच्या जागा आणि खडकांची नावे त्यास ठाऊक असतात आणि ती कोणत्याही पुस्तकात नाहीत. ती मुलांकडून वहीत लिहून घ्यावी. आज सत्तरी-ऐंशीतील जी मंडळी या वाटांनी डोक्यावर ओझे घेऊन गेली, त्यांच्या आठवणीही उतरून घ्याव्यात. कारण ती मंडळी गेली म्हणजे वाटा रानात बुजतील आणि नावेही बुजतील.

आपल्या संस्थेच्या तरुण मंडळाने दरवर्षी चैत्रात एका गडावरील एका टाक्याचा कचरा काढण्याचे व्रत घ्यावे. यास देणग्यांची आवश्यकता नाही. वनखात्याची व पुरातत्त्व विभागाची अनुमती, दहा-वीस हात आणि एक दिवस पुरे. गाळ उपसणे अथवा दगड हलविणे मात्र जाणकारांवाचून करू नये, कारण गाळाच्या तळाशीही इतिहास असू शकतो. टाके स्वच्छ झाल्यावर तेथे आपली पाटी लावू नये. वाटसरूने ओंजळभर पाणी पाहून समाधान मानले, म्हणजे आपले नाव पोचले असे समजावे.

रायगड अवश्य पाहावा, जयपूर-आग्राही पाहावे. परंतु पुढच्या खेपेस कोणी "माहुलीवर काय आहे?" असे विचारील, तेव्हा आपल्या घरातील मुलाने मान वर करून सांगावे की, तेथे एक राज्य मावळले, तेथे नाव नसलेले वीर पडले, आणि तेथल्या टाक्यात अजून पाणी आहे. एवढे झाले तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. समस्त ज्ञातिबांधवांस व भगिनींस नूतन वर्ष सुखाचे व आरोग्याचे जावो, ही ईशचरणी प्रार्थना.